लाल तिकिटांची यादी: एका सपोर्ट टीमचे प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. व्यक्तींचा उल्लेख फक्त पदाने केला आहे.

## पार्श्वभूमी

एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीतली ही सपोर्ट टीम. अठरा जण, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला एक शिफ्ट लीड आणि सगळ्यांवर एक मॅनेजर. ग्राहक कंपन्यांची बिलिंग आणि ऑर्डरची सिस्टिम चालू ठेवायची, बिघाडाचे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आली की ती ठरल्या वेळेत सोडवायची, एवढे काम. तिकिटांच्या गंभीरतेच्या पायऱ्या होत्या, पी-वन सर्वांत गंभीर. करारातल्या वेळा अशा: पी-वन तिकिटाला १५ मिनिटांत प्रतिसाद आणि ४ तासांत उपाय, पी-टूला ८ तास, पी-थ्रीला कामाचे ३ दिवस.

आधीचे मॅनेजर दुसऱ्या विभागात गेले. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ कंपनीतल्या उत्तम इंजिनिअरांपैकी एक होते. बुडत चाललेला एक प्रोजेक्ट त्यांनी जवळजवळ एकट्याने तारला होता आणि त्याबद्दलच ही बढती मिळाली होती. माणसांची टीम सांभाळण्याचे काम त्यांनी त्याआधी कधी केले नव्हते. चार्ज देण्या-घेण्याचे काम दोन दिवसांत उरकले आणि ते दोन दिवसही पासवर्ड, अ‍ॅक्सेस आणि रिपोर्टचे नमुने यांतच गेले. कोण नवीन आहे, कोणाला रात्रपाळी जड जाते, कोणता ग्राहक प्रत्येक गोष्टीला ‘अर्जंट’ म्हणतो, यातले काही सांगितले गेले नाही. विभागप्रमुखांनी उद्दिष्ट एकच दिले: वेळेत सुटणाऱ्या तिकिटांचे प्रमाण ८८ टक्के आहे, ते तिमाहीअखेर ९५ वर न्या.

उत्तम कारागिराला बक्षीस म्हणून मुकादम करायचे आणि मुकादमी कशी करायची ते मात्र सांगायचे नाही, ही चूक पहिल्याच दिवशी झाली होती. पुढच्या घटनांचा दोष एकट्या मॅनेजरच्या माथी मारण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

## अडचण कशी वाढत गेली

पहिल्या पंधरवड्यात रोज सकाळी साडेनऊचा कॉल सुरू झाला. तिन्ही पाळ्यांनी हजर राहायचे. सात वाजता सुटलेल्या रात्रपाळीलाही सूट नव्हती. स्क्रीनवर वेळ उलटून गेलेल्या, लाल झालेल्या तिकिटांची यादी असायची आणि प्रत्येक तिकिटासमोर नाव. मॅनेजर एकेकाचे नाव घेऊन विचारायचे, ‘हे का झालं?’ उत्तर दुसऱ्या वाक्यालाच तोडले जायचे. काही दिवसांनी लोक उत्तर द्यायचेच थांबले. ‘सॉरी सर, आज क्लोज करतो,’ एवढे म्हणून मोकळे व्हायचे.

त्याच्या जोडीला बाकीच्या गोष्टी आल्या. रात्री अकरानंतर ग्रुपवर मेसेज. तोंडी मंजूर केलेली रजा आदल्या दिवशी रद्द. ज्या ग्राहकाचा फोन शेवटी येईल त्याचे काम पहिले, त्यामुळे प्राधान्य दिवसातून तीन-तीनदा बदलायचे. एखाद्याच्या हातातले अवघड तिकीट मॅनेजर स्वतःकडे घ्यायचे, वीस मिनिटांत सोडवायचे आणि ग्रुपवर ते जाहीर करायचे. त्यांना ही मदत वाटत होती. ज्याच्या हातातून तिकीट गेले, त्याची मात्र ते सोडवायला शिकण्याची संधी गेली आणि चारचौघांत शोभाही झाली.

सहा महिन्यांत अठरापैकी पाच जणांनी राजीनामे दिले. त्यात एक शिफ्ट लीड होता. पाचही एक्झिट फॉर्मवर कारण एकच: अधिक चांगली संधी. या फॉर्मवर एचआरने विसंबून राहायला नको होते. अनुभवाचे पत्र आणि शेवटचा हिशेब हातात पडायचा असताना, नव्या कंपनीकडून चौकशीचा फोन याच मॅनेजरला जाणार असताना कोणीही खरे कारण लिहीत नाही. सोडून जाण्याच्या कारणांची मुलाखत माणूस गेल्यानंतर तीन-चार महिन्यांनी, मॅनेजरच्या साखळीबाहेरच्या व्यक्तीने घेतली तरच काही हाती लागते.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेला मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. घसरण ज्यांना आधी जाणवते, तेच लोक आधी बाहेर पडतात आणि आवाज उठवू शकणारेच मागे उरत नाहीत. पाचांपैकी तिघे असे होते की कॉलवर ‘सर, हे तिकीट मुळात चुकीच्या गटात आलं होतं’ असे सांगण्याची हिंमत त्यांनी निदान एकदा तरी केली होती.

## आकडा सुधारला, तो कसा

चौथ्या महिन्यात वेळेत सुटलेल्या तिकिटांचे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. विभागप्रमुखांनी मॅनेजरचे जाहीर कौतुक केले. प्रत्यक्षात टीमने काय केले होते, ते सविस्तर सांगायला हवे. अनेक ठिकाणी हे असेच घडते आणि वरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

सर्वांत आधी गंभीरता खाली उतरली. पी-वन म्हणून नोंदवण्याजोगे तिकीट पी-टू म्हणून नोंदवले की चार तासांचे आठ तास मिळतात. मग घड्याळ थांबवण्याची युक्ती आली. ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ असा स्टेटस लावला की वेळ मोजणे थांबते, म्हणून ग्राहकाला एक अनावश्यक प्रश्न विचारायचा, ‘कृपया स्क्रीनशॉट पाठवा,’ आणि तेवढ्यात काम करायचे. तिसरी युक्ती म्हणजे तिकीट अर्धवट बंद करायचे आणि ग्राहकाने पुन्हा तक्रार केली की नवा नंबर द्यायचा. हे रुळल्यावर लोक रांगेतली सोपी तिकिटे वेचू लागले, अवघड तिकिटे नवख्यांच्या वाट्याला आली.

सर्वांत घातक बदल कोणत्याच रिपोर्टात दिसत नव्हता. हँडओव्हर नोट्स आखूड होत गेल्या. पूर्वी पाळी बदलताना दहा-बारा ओळींची नोंद असायची: काय पाहिले, कशाचा संशय आहे, सकाळी काय तपासावे. साडेनऊच्या कॉलवर या नोंदी वाचून दाखवल्या जाऊ लागल्या, ‘तुला रात्रीच माहीत होतं ना?’ असे विचारले जाऊ लागले, आणि नोट एका ओळीवर आली. लिहिलेले अंगाशी येते, हे सगळ्यांना कळून चुकले होते.

## निर्णायक घटना

सातव्या महिन्यात, रात्रपाळीत, एका नव्या इंजिनिअरला पावणेदोनच्या सुमारास दिसले की बिले तयार करणारा बॅच जॉब (एकगठ्ठा काम आपोआप करणारा प्रोग्राम) मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला आहे आणि रांगेतल्या बिलांची संख्या नेहमीच्या जवळजवळ दुप्पट आहे. तिला कंपनीत येऊन आठ महिने झाले होते. नियमाप्रमाणे पी-वनचा संशय आला तर मॅनेजरला फोन करायचा. पण दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या सहकाऱ्याने असा फोन केला होता, ती खोटी घंटा निघाली होती आणि सकाळी सगळ्यांसमोर त्याला ‘डोकं वापरत जा’ असे ऐकून घ्यावे लागले होते. तिने तिकीट पी-टूमध्ये नोंदवले आणि हँडओव्हरमध्ये लिहिले: ‘बिलिंग जॉब रीस्टार्ट झाला, कृपया बघणे.’

सकाळच्या पाळीने ती ओळ कॉल संपल्यावर, सव्वादहाला वाचली. तोवर दुहेरी बिले ग्राहक कंपनीच्या ग्राहकांपर्यंत पोहोचली होती. दुरुस्तीला तीन दिवस लागले. मॅनेजरने ग्रुपवर विचारले, ‘रात्री कोण होतं?’ आणि तिला वॉर्निंग लेटर देण्याची शिफारस एचआरला पाठवली.

## कोणते पर्याय होते

उरलेल्या दोन शिफ्ट लीडपैकी वरिष्ठ असलेल्या बाईंनी या टप्प्यावर काहीतरी करायचे ठरवले. कंपनीत त्यांना सहा वर्षे झाली होती. त्यांच्यापुढचे पर्याय असे होते.

गप्प बसून दुसऱ्या विभागात बदली मागणे. वैयक्तिकदृष्ट्या सर्वांत सुरक्षित मार्ग हाच, आणि तो निवडणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. पण वॉर्निंग लेटर चार दिवसांवर होते, बदलीला दोन महिने लागले असते.

मॅनेजरशी थेट बोलणे. यश मिळण्याची शक्यता कमी होती. तरी पुढे कोणी विचारले की ‘आधी त्यांच्याशी बोललात का?’ तर उत्तर तयार हवे.

सगळ्यांच्या सह्यांचे पत्र. टीममध्ये याचीच चर्चा सर्वांत जास्त होती. लीडनी ते टाळले. तेरा जणांपैकी आठच सह्या करतील, मग न करणारे पाच कोण, याचीच चर्चा होईल आणि पत्र पोहोचण्याआधी त्याची बातमी पोहोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. मला हा अंदाज योग्य वाटतो. सामूहिक पत्राचा उपयोग होतो तो जवळजवळ सगळ्यांच्या सह्या मिळण्याची खात्री असेल तेव्हा, किंवा टीममागे संघटना उभी असेल तेव्हा.

एचआरकडे औपचारिक तक्रार आणि मॅनेजरला वगळून थेट विभागप्रमुखांशी बोलणे, हे आणखी दोन मार्ग होते. दोन्ही शेवटी वापरले गेले. त्यांचा क्रम आणि मजकूर यांवरच सगळे अवलंबून होते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. प्रकरण लैंगिक छळाचे, धमकीचे, भेदभावाचे किंवा पगार अडवण्याचे असेल, तर वरचा तोलमोल लागू होत नाही. तिथे ‘आधी त्यांच्याशी बोलून पाहा’ हा सल्लाच चुकीचा आहे. त्यासाठीच्या समितीकडे किंवा कंपनीबाहेरच्या यंत्रणेकडे थेट जायचे. या टीममध्ये तशी बाब नाही, याची लीडनी दोघा-तिघांशी वेगवेगळे बोलून आधी खात्री करून घेतली.

## प्रत्यक्षात काय केले

वॉर्निंग लेटरची शिफारस झाली त्याच दिवशी लीडनी एचआरला तीन ओळींचा मेल पाठवला: घटनेचा तांत्रिक आढावा झालेला नाही, तो होईपर्यंत पत्र थांबवावे आणि आढावा दुसऱ्या विभागातल्या व्यक्तीने घ्यावा. आरोप नाही, विशेषण नाही. पत्र थांबले. हातात महिनाभर मिळाला.

त्या महिन्यात त्यांनी नोंदी ठेवल्या. एका तक्त्यात सहा रकाने: तारीख आणि वेळ, नेमके उच्चारलेले शब्द, कोण हजर होते, कोणत्या तिकिटाशी संबंध, कामावर काय परिणाम झाला, नंतर काय झाले. ‘ते नेहमी ओरडतात’ असे वाक्य त्यात एकही नव्हते. तोंडी बदललेल्या प्रत्येक आदेशानंतर त्या दोन ओळींचा मेल टाकत: ‘आत्ताच्या बोलण्यानुसार अमुक तिकीट मागे ठेवून तमुक आधी घेत आहोत, चुकत असल्यास कळवावे.’ याचा एक अनपेक्षित फायदा असा झाला की लेखी यायला लागल्यावर प्राधान्य बदलण्याचे प्रमाणच घटले.

दोन गोष्टी त्यांनी कटाक्षाने टाळल्या. ग्राहकाच्या माहितीचा एकही स्क्रीनशॉट किंवा फाइल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवली नाही आणि कोणाचेही बोलणे चोरून रेकॉर्ड केले नाही. भल्या हेतूने केलेल्या या दोन गोष्टींमुळे चांगली प्रकरणे उलटतात. चौकशी मूळ तक्रारीवरून हटते आणि तक्रार करणाऱ्याने डेटा बाहेर नेला का, यावर जाते.

मग त्यांनी आकड्याची फेरमोजणी केली. त्या महिन्यात बंद झालेली सुमारे ४०० तिकिटे होती. त्यांतले दर दहावे घेऊन ४० तिकिटांचा नमुना काढला, म्हणजे सोयीची तिकिटे निवडली असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रत्येक तिकीट सर्व्हरच्या लॉगशी, म्हणजे सिस्टिममध्ये आपोआप होणाऱ्या नोंदींशी, ताडून पाहिले. ११ तिकिटांत गंभीरता एक पायरी खाली नोंदवली होती, ९ मध्ये अनावश्यक प्रश्न विचारून घड्याळ थांबवले होते, ६ तिकिटे सात दिवसांत नव्या नंबराने परत आली होती. काही तिकिटांत एकाहून अधिक प्रकार होते. रिपोर्टनुसार ४० पैकी ३८ वेळेत होती, फेरमोजणीत २७ निघाली.

मॅनेजरशी बोलणे याच काळात झाले. अर्धा तास, विषय एकच: सकाळच्या कॉलला रात्रपाळी नको आणि यादीत नावे नकोत. ते तयार झाले. पाच दिवस पाळलेही. सहाव्या दिवशी एका मोठ्या ग्राहकाची तक्रार आली आणि नावे परत आली. पण त्या अर्ध्या तासात एक महत्त्वाची गोष्ट कळली. रोज पावणेनऊला विभागप्रमुख सगळ्या मॅनेजरांचा असाच कॉल घेत होते. तिथेही लाल यादी होती आणि तिथे माणसांऐवजी टीमची नावे होती. साडेनऊला खाली जे यायचे, ते पाऊण तास आधी वरून निघालेले असायचे.

## एचआरचा पहिला प्रतिसाद

औपचारिक तक्रार गेल्यावर एचआरने दोन गोष्टी केल्या. ताणमुक्तीचे एक सत्र ठेवले आणि निनावी सर्वेक्षण केले.

सत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीसंदर्भात बर्नआउटचे वर्णन केले, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आणि कारण म्हणून कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळला न गेलेला दीर्घकालीन ताण सांगितला. म्हणजे हाताळायचा आहे तो कामाच्या ठिकाणचा ताण. साडेनऊचा कॉल चालू ठेवून संध्याकाळी श्वसनाचे व्यायाम शिकवल्याने तो हाताळला जात नाही.

सर्वेक्षणाकडे जास्त लक्ष द्यायला हवे, कारण त्याने नुकसान केले. तेरा जणांत पाळीनिहाय उत्तरे मागवली तर एका गटात चार-पाच जणच राहतात. मोकळ्या रकान्यातली भाषा कोणाची, हे सोबत काम करणाऱ्याला दोन ओळींत ओळखू येते. सात जणांनी उत्तरे दिली, सरासरी पाचपैकी ३.८ आली आणि एचआरने ‘गंभीर बाब आढळत नाही’ असा शेरा मारला.

व्यवस्थापनशास्त्राच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे आठवावा. चांगले नेतृत्व असलेल्या युनिटमध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या होत्या. तिथले लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते, हे त्याचे कारण त्यांना दिसले. इथे नेमके उलटे चित्र होते. तक्रारी कमी, लाल तिकिटे कमी, रात्रीचे फोन शून्य. प्रत्येक आकडा शाबासकी देण्याजोगा वाटत होता आणि प्रत्येक आकड्यामागे दडपलेली माहिती होती.

## विभागप्रमुखांसमोरची बैठक

लीडनी आधी तीन पानी निवेदन तयार केले होते. त्यात बहुतेक मजकूर मॅनेजरच्या बोलण्या-वागण्याबद्दल होता. बैठकीला नेताना त्यांनी ते एका पानावर आणले आणि सुरुवात फेरमोजणीपासून केली: आपण ९६ टक्के समजतो आहोत, नमुन्यात प्रमाण ६७ ते ६८ टक्के आहे आणि दुहेरी बिलांची घटना याच फरकातून घडली. वागणुकीच्या नोंदी त्यानंतर, कारण म्हणून.

माणसाचा अपमान हा स्वतःच दोष आहे. तो दखलपात्र ठरायला नुकसानीचा आकडा जोडावा लागतो, हे मला मनापासून खटकते. तरीही क्रमाची ही निवड बरोबर होती. वागणुकीपासून सुरुवात केली असती तर ‘स्वभाव कडक आहे, पण काम करून घेतात’ हे उत्तर तयारच होते. ‘काम करून घेतात’ हा समजच पहिल्या वाक्यात कोसळल्यावर त्या उत्तराला जागा राहिली नाही.

विभागप्रमुखांची पहिली प्रतिक्रिया मात्र धोकादायक होती. तिकिटांत फेरफार करणाऱ्यांची नावे द्या, असे ते म्हणाले. म्हणजे लाल यादी पुन्हा, फक्त दुसऱ्या कारणासाठी. लीड याच्या तयारीने गेल्या होत्या. त्यांनी सुचवले की दोन आठवड्यांत टीमने स्वतःहून जुनी तिकिटे दुरुस्त केली तर कोणावरही कारवाई होऊ नये. दाखला विमानवाहतुकीचा दिला: अमेरिकेत १९७६ पासून नासा चालवत असलेल्या यंत्रणेत वैमानिक आणि इतर कर्मचारी गोपनीयपणे चुका कळवतात, आणि नकळत घडलेला नियमभंग दहा दिवसांच्या आत कळवला, तर ठरावीक अटींवर दंड माफ होतो. विभागप्रमुख तयार झाले, ग्राहकाच्या बिलात जाणूनबुजून केलेला बदल तेवढा अपवाद. दोन आठवड्यांत टीमने १४० हून अधिक तिकिटे स्वतः दुरुस्त केली. नमुन्यातून जे दिसले होते त्याची व्याप्ती यामुळे पक्की झाली.

## घटनेचा आढावा आणि बदल

आढावा दुसऱ्या विभागातल्या वरिष्ठ इंजिनिअरनी घेतला. त्यांनी एक नियम पाळला: ‘का नाही केलंस?’ हा प्रश्न विचारायचा नाही, ‘त्या वेळी तुला काय दिसत होतं आणि पुढे काय होईल असं वाटलं?’ असे विचारायचे. नव्या इंजिनिअरने तेव्हा सांगितले की तिला ते पी-वन वाटले होते. फोन हातात घेऊन तिने खाली ठेवला होता. त्याआधीच्या कोणत्याही बैठकीत ही गोष्ट बाहेर आली नव्हती.

बदल असे झाले. पी-वन ठरवण्यासाठी लेखी तक्ता आला: एकापेक्षा जास्त ग्राहकांचे बिल किंवा पेमेंट चुकत असल्याची शंका आली की पी-वन, तिथे स्वतःचा विवेक वापरायचा नाही. रात्रीचा पहिला फोन मॅनेजरऐवजी आळीपाळीने ठरलेल्या ऑन-कॉल इंजिनिअरला जाऊ लागला. गंभीरता खाली आणायची तर दुसऱ्या व्यक्तीची संमती सिस्टिममध्ये नोंदवणे बंधनकारक झाले. घड्याळ थांबवलेली दहा तिकिटे दर आठवड्याला कशीही उचलून तपासायची ठरले. खोट्या घंटेची चर्चा बैठकीत करायची नाही, फक्त अलर्टच्या सेटिंगमध्ये काय बदलायचे ते पाहायचे. साडेनऊचा कॉल दुपारी पाळी बदलण्याच्या वेळी गेला, पंधरा मिनिटांवर आला आणि नावे गेली.

मॅनेजरना आधी दोन दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवले. फरक पडला नाही, पडण्याजोगाही नव्हता, कारण पावणेनऊचा कॉल आणि ९५ टक्क्यांचे उद्दिष्ट होते तिथेच होते. दोन महिन्यांनी त्यांना वरिष्ठ तांत्रिक पदावर नेले. पगार तोच, हाताखाली टीम नाही. तिथे त्यांचे काम उत्तम चालले आहे. असे पद आधीपासून असते तर त्यांना पुढे जाण्यासाठी मॅनेजर व्हावेच लागले नसते.

## निष्पत्ती

नव्या मॅनेजरच्या पहिल्या महिन्यात वेळेत सुटलेल्या तिकिटांचे प्रमाण ७१ टक्के दिसले. लपवाछपवी थांबल्यावर खरा आकडा उघड होणारच होता आणि हे विभागप्रमुखांना आधी सांगूनही ठेवले होते. तरीही तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नावांची यादी मागितली. नव्या मॅनेजरनी ती दिली नाही, पुन्हा उघडलेल्या तिकिटांचा घटता आलेख दाखवला. तिसऱ्या महिन्यात प्रमाण ८४ झाले, सहाव्यात ९१. ९५ अजून झालेले नाही.

रात्रीचे फोन मात्र पहिले सहा आठवडे आलेच नाहीत. नियम बदलला होता, पण लोकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. सातव्या आठवड्यात एकाने फोन केला आणि ती खोटी घंटा निघाली. दुसऱ्या दिवशी सगळे श्वास रोखून होते. काहीच झाले नाही, अलर्टची मर्यादा तेवढी बदलली गेली. पुढच्या दोन आठवड्यांत तीन फोन आले, त्यांतला एक खरा पी-वन होता आणि दीड तासात सुटला.

मॅनेजर बदलल्यानंतरही दोघांनी राजीनामे दिले. त्यांचे निर्णय आधीच झाले होते. ज्या इंजिनिअरसाठी हे सगळे सुरू झाले तीही चार महिन्यांत गेली. वॉर्निंग लेटरची शिफारस रद्द झाली होती, पण हे तिला कोणी लेखी कळवलेच नव्हते.

## वेगळे काय करता आले असते

तक्रार ज्या दिवशी आली त्याच दिवशी लीडचे वार्षिक मूल्यमापन आणि रजा मंजुरी मॅनेजरकडून काढून दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. ती दिली नाही. चौकशी चालू असतानाच मॅनेजरनी त्यांचे मूल्यमापन लिहिले आणि ‘सांघिक वृत्तीचा अभाव’ असा शेरा मारला. अपिलानंतर तो काढला गेला, पण त्यात पाच महिने गेले आणि दरम्यानची वेतनवाढ लांबली. तक्रारदाराला असा फटका बसलेला सगळ्या टीमने पाहिला. पुढच्या वेळी तोंड उघडताना प्रत्येकाला तो आठवणार आहे.

निनावी सर्वेक्षणाऐवजी मॅनेजरच्या साखळीबाहेरच्या व्यक्तीने प्रत्येकाशी वीस-वीस मिनिटे बोलायला हवे होते, आणि त्यात सोडून गेलेल्या पाच जणांनाही धरायला हवे होते. दोन दिवसांत होणारे काम होते.

लीडनी नोंदी पहिल्या राजीनाम्यापासून ठेवल्या असत्या तर बरे झाले असते का? बहुधा हो. पण हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी विभागप्रमुखांना विचारायला हवा की नवख्या मॅनेजरचे सहा महिने होईपर्यंत त्याच्या टीममधल्या एकाशीही ते स्वतंत्रपणे का बोलले नाहीत. एक पातळी सोडून खालच्या लोकांशी महिन्यातून एकदा, तिकिटांचा विषय न काढता अर्धा तास बोलले असते, तर हँडओव्हर नोट्स आखूड होत असल्याचे तिसऱ्याच महिन्यात कळले असते.

एकच आकडा उद्दिष्ट म्हणून देणे ही तर उघडच चूक होती. वेळेच्या पूर्ततेसोबत सात दिवसांत परत आलेल्या तिकिटांचे प्रमाण आणि रात्रीच्या फोनांची संख्या पाहिली असती, तर पहिला आकडा चढताना बाकीचे दोन विचित्र वागत असल्याचे दिसले असते. आता हे तिन्ही एकाच पानावर येतात.

पावणेनऊचा कॉल अजून चालू आहे. तो रोजचा होता, आता आठवड्यातून एकदा होतो. यादीत टीमची नावे अजून आहेत. ती काढण्याची मागणी दोन मॅनेजरनी लेखी केली आहे आणि त्यावर उत्तर आलेले नाही.